उदयकाळ पतसंस्थेचं स्थलांतर

कुंडलच्या उदयकाळ ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्थेत कृष्णात सूर्यवंशी हा संगणक विभागप्रमुख होता. या विभागात तो स्वतः, चार संगणक आणि वीज गेली की शिट्टी मारणारा एक यूपीएस एवढाच परिवार होता, आणि त्यातला यूपीएसच काय तो त्याच्या कामाची दखल घेई. बाकी संस्थेत त्याला ‘ए कॉम्प्युटर’ अशी हाक मारायची पद्धत होती.

अशा माणसाला गोव्याचं निमंत्रण आलं तर त्याचं काय होईल?

निमंत्रण गणनाथ सॉफ्टवेअर या कंपनीचं होतं. संस्थेचा सगळा कारभार याच कंपनीच्या प्रणालीवर चाले, म्हणजे ज्या दिवशी ती चाले त्या दिवशी. कंपनीची वार्षिक ग्राहक परिषद गोव्यात समुद्राकाठच्या हॉटेलात भरणार होती. राहणं, खाणं, ज्ञान आणि ‘सायंकालीन स्नेहमेळावा’. नोंदणी शुल्क अर्थातच ग्राहकाने भरायचं होतं. कृष्णातने चेअरमनना अर्ज लिहिला. त्यात त्याने दर दोन ओळींमागे एकदा ‘ज्ञान’ हा शब्द घातला आणि समुद्राचा उल्लेख कटाक्षाने टाळला.

चेअरमन मानसिंग आबा सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी अर्ज उभ्याउभ्या वाचला.

“गोव्यात ज्ञान मिळतंय, आन् साताऱ्यात काय अज्ञान मिळतंय व्हय रं?”

“आबा, साताऱ्याचं काय?”

“ह्ये काय.” आबांनी टेबलावरच्या ढिगातून दोन गुळगुळीत पत्रिका काढल्या. एक धनवेग टेक्नॉलॉजीजची, शुक्रवारी साताऱ्याला. दुसरी सहजगणक सिस्टिम्सची, शनिवारी सांगलीला. दोन्ही कंपन्या गणनाथच्या कट्टर वैरी आणि दोन्ही परिषदा फुकट. “आदी ह्या दोन बघून ये. खर्च किती, फायदा किती, तक्ता कर. रविवारी मला दाव. तक्त्यात गोवा बसला तर त्याच दिवशी गाडी धर. सोमवारी तुजी परिषद. संगं भाऊसोंना घिऊन जा, निरीक्षक म्हणून.”

भाऊसो हे संचालक. ऊस उत्तम पिकवत आणि संचालक मंडळाच्या बैठकीत चहा येईपर्यंत जागे राहत. संगणकाशी त्यांचा संबंध एवढाच की एकदा त्यांनी त्यावर टोपी ठेवली होती.

ही बातमी गल्लीत पसरायला संध्याकाळ पुरली. परिषदेला कृष्णात जाणार होता, पण तयारी सगळ्यांनी चालवली. शेजारचे चांदसाहेब शिंपी, वयाने मोठे आणि सल्ला द्यायला कायम मोकळे. ते म्हणाले, “तितं फुकट बॅग देत्यात बग. आदी तिची शिलाई बगायची. शिलाई कच्ची आसंल तर त्यांचं सॉफ्टवेअर बी कच्चं. आन् माज्यासाटी एक जास्तीची मागून आण.” समोरच्यांनी पेन मागितलं. मागच्यांनी, तिथं जेवणात गोड काय असतं ते कळवायला सांगितलं, कारण त्यांच्याकडे साखरपुडा होता.

बायको शिवांजली हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायची. वह्या तपासता तपासता ती म्हणाली, “जिथं प्रश्न विचारायला वेळ ठेवलेला असतो ना, तिथंच काहीतरी शिकायला मिळतं. तेवढं बघा.”

आपल्या क्षेत्रातला सल्ला आपल्याला भूगोलाकडून मिळावा, हे कृष्णातला लागलं. त्याने तक्त्यात तो रकाना मुद्दाम घातला नाही.

शुक्रवारी सकाळी भाऊसो आपली जीप घेऊन दारात आले आणि पहिल्याच पंपावर म्हणाले, “डिझेल संस्थेचं.” टोल संस्थेचा. कऱ्हाडला थांबून खाल्लेली मिसळ हीसुद्धा, निरीक्षण उपाशीपोटी होत नसल्यामुळे, संस्थेची. फुकट परिषद सातारा येण्यापूर्वीच चांगली महाग झाली होती.

परिषद हायवेलगतच्या एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची कमान तशीच होती. फक्त वधूवरांच्या नावांवर कंपनीचं नाव चिकटवलं होतं. दारात एका मुलीने गळ्यात घालायचे बिल्ले दिले. कृष्णातने आपला बिल्ला वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. कुणीतरी इंग्रजीत त्याचं नाव मधेच तोडलं होतं. बिल्ल्यावर तो ‘कृष्णा टी.’ झाला होता. भाऊसोंचंही तेच झालं होतं: ‘भाऊ सो.’

“वेलकम टी सर, वेलकम सो सर,” मुलगी म्हणाली.

“सो म्हंजी?” भाऊसोंनी विचारलं.

“तुमचं आडनाव, सर.”

“बरं,” भाऊसो म्हणाले. ते अशा गोष्टी मनाला लावून घेत नसत. कृष्णात घेत असे. पंधरा वर्षं ‘ए कॉम्प्युटर’ ऐकल्यावर आज कुठे गळ्यात नाव पडणार होतं, आणि ते नेमकं चहाचं पडलं.

उद्घाटनाला ‘डिजिटल दीपप्रज्वलन’ होतं. पाहुण्यांनी टॅबवर बोट ठेवायचं आणि समई आपोआप पेटायची. पाहुण्यांनी बोट ठेवलं. मग दोन बोटं ठेवली. मग कंपनीच्या संचालकांनी ठेवली. शेवटी स्वयंपाकाकडचा एक माणूस काडेपेटी घेऊन आला आणि प्रचंड टाळ्या पडल्या. त्यानंतर एका वक्त्याने ‘सहकारातील कृत्रिम बुद्धिमत्ता’ या विषयावर इतकं इंग्रजी भाषण केलं की सभागृहातल्या नैसर्गिक बुद्धिमत्तेला गुंगी आली. भाऊसो तर सरळ घोरू लागले. कृष्णात टिपणं घेत होता. दुपारपर्यंत त्याच्या पानावर ‘भविष्य’ असा एक शब्द आणि खाली दोन रेघा एवढं जमलं.

जेवणाची वेळ झाली तेव्हा कळलं की जेवणाला कूपन लागतं आणि कूपन कंपनीच्या दालनात प्रात्यक्षिक पाहिल्याशिवाय मिळत नाही. दालनात यशराज नावाचा कोटातला तरुण उभा होता. त्याने दोघांना दहा पडदे दाखवले, दोघांनी दहा वेळा मान हलवली.

“आता कूपन?” भाऊसोंनी विचारलं.

“लगेच सर. फक्त एक फोटो.” आणि यशराजने माणसाएवढी थर्माकोलची सोनेरी चावी पुढे केली. “ही धरा. एका बाजूला टी सर, एका बाजूला सो सर.”

“ही कसली चावी?” कृष्णातने विचारलं. त्याच्या मनात शंका आली होती.

“काही नाही सर, आठवण म्हणून.”

शंका आणि बासुंदी यांच्यामध्ये त्या वेळी फक्त एक चावी होती. दोघांनी ती धरली. फोटोत दोघेही इतके प्रसन्न आले की तसे ते आपापल्या लग्नातही आले नव्हते.

घरी येईपर्यंत तो फोटो तालुक्यातल्या मोबाइलवरच्या सगळ्या गटांवर फिरला होता. खाली लिहिलं होतं: ‘उदयकाळ पतसंस्था, कुंडल, धनवेग परिवारात दाखल. हार्दिक स्वागत!’

आबांचा फोन आला. “तुला बगाय पाटवलं हुतं का नांदाय?”

“आबा, ती चावी नुसती जेवणासाठी होती.”

“भाऊसो काय म्हंत्यात?”

“बासुंदी चांगली होती म्हणतात.”

आबांनी फोन ठेवला.

सांगलीला जाताना कृष्णातने मनाशी पक्कं ठरवलं, काही झालं तरी कसलीही वस्तू हातात धरायची नाही. सहजगणकवाले मात्र हुशार निघाले. कालचा फोटो त्यांनीही पाहिला होता. त्यांनी कृष्णातला दारातच फेटा बांधला आणि गळ्यात ‘सुवर्ण प्रतिनिधी’ असा बिल्ला घातला, नावासकट आणि बरोबर. त्याला भरून आलं. भाऊसोंच्या गळ्यात ‘रौप्य प्रतिनिधी’ आला.

सुवर्णवाल्यांचं जेवण आत वातानुकूलित दालनात होतं. रौप्यवाल्यांचं बाहेर, मांडवात, पंख्याच्या आशेवर.

“म्हंजी नोकर आत आन् संचालक भाईर?” भाऊसोंनी शांतपणे विचारलं.

त्या शांतपणात पुढच्या वर्षाची पगारवाढ दडलेली आहे, हे कृष्णातने ओळखलं. त्याने फेटा आणि बिल्ला दोन्ही काढून भाऊसोंना घातले आणि रौप्य होऊन मांडवात जाऊन बसला. त्याला फार वाईट वाटलं, पण तेवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं.

सुवर्ण बिल्ल्याबरोबर मंचावरच्या परिसंवादातली खुर्चीही येते, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. अर्ध्या तासाने ध्वनिक्षेपकावर ‘पतसंस्था तंत्रज्ञानातले जाणकार श्री. कृष्णात सूर्यवंशी’ असं नाव पुकारलं गेलं आणि फेटा बांधलेले भाऊसो दिमाखात मंचावर चढले. बोलावणं आलं की चढायचं, ही सहकारातली सवय. मांडवातल्या पडद्यावर ते दृश्य पाहून कृष्णात धावत दारापाशी गेला. दारातल्या रखवालदाराने त्याचा बिल्ला पाहिला आणि म्हणाला, “रौप्यवाले हिकडून न्हाई.”

मंचावर सूत्रसंचालकाने विचारलं, “सर, तुमच्याकडे डाउनटाइम साधारण किती असतो?”

भाऊसोंनी विचार केला. “जेवल्यावर तासभर तर लागतोयच.”

“एक तास! पाहा मित्रांनो, किती प्रामाणिक कबुली! आमच्या प्रणालीत हाच वेळ शून्यावर येतो.”

“शून्य नगं,” भाऊसो घाईने म्हणाले. “अर्धा तास तरी ठिवा.”

टाळ्या पडल्या. परिषदेत कशालाही टाळ्या पडतात.

“आणि सर, शेवटचा प्रश्न. मायग्रेशनला तयार आहात?”

“आमी सगळ्याला तयार हाय,” भाऊसो म्हणाले.

परतताना जीपमध्ये कृष्णात तक्ता भरत बसला. भाऊसो मात्र फेट्यातच होते आणि आत पनीर कसं होतं हे वाटभर सांगत होते. गाडी कुंडलला पोचायच्या आत दुसरा मजकूर गटांवर आला: ‘मोठी बातमी! उदयकाळ पतसंस्था लवकरच मायग्रेट होणार!’

रविवारी सकाळी कृष्णातने तक्ता आबांपुढे ठेवला. डिझेल, टोल, मिसळ, शनिवारी रात्री भाऊसोंना लागलेलं पोटाचं औषध, चांदसाहेबांना दिलेल्या दोन बॅगा (पैकी एकीचा बंद दारातच तुटला), आणि शेवटी ज्ञान. ज्ञानाच्या रकान्यात त्याने दोन्हीकडे ‘सुरू आहे’ असं लिहिलं होतं.

आबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, “फुकटच्यात आपली इज्जत दोनदा गेली. गोव्याचा खर्च निदान आदी सांगून घेत्यात. जा. पर तितं गप बसायचं. फोटो न्हाई, फेटा न्हाई, भाऊसो न्हाईत.”

कृष्णात नाचतच गोव्याचं तिकीट काढायला गेला. त्याच सुमारास त्याच्या घरी जे चाललं होतं त्याचा त्याला पत्ता नव्हता.

राहीबाई ही संस्थेची जुनी ठेवीदार. म्हशींच्या दुधावर उभी केलेली तिची सगळी जमा उदयकाळमध्ये होती. पुतण्याने तिला मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली, पण अर्थ त्यालाही सांगता येईना. म्हणून ती थेट शिकलेल्या बाईकडे आली.

“शिवांजली, मायग्रेट होनं म्हंजी काय गं?”

शिवांजली सहामाहीच्या वह्या तपासत होती. प्रश्न तिच्या विषयातला होता. “स्थलांतर, मावशी. एक जागा सोडून दुसरीकडे जायचं. पक्षी जातात, माणसं जातात.”

“आन् परत येत्यात?”

“पक्षी येतात,” शिवांजली म्हणाली. “माणसांचं सांगता येत नाही.”

राहीबाई तडक उठली. पुढल्या गल्लीत पोचेपर्यंत तिने चार बायकांना सांगितलं होतं की संस्था गाव सोडून निघाली आहे, आणि हे खुद्द कॉम्प्युटरच्या बायकोने सांगितलं आहे.

संध्याकाळी कृष्णात स्टँडवर आला. नवी चाकांची बॅग, डोळ्यांवर गॉगल, आणि गोव्यात शोभेल म्हणून फुलांचा शर्ट. गावातून पळून जाणारा माणूस असाच दिसतो याबद्दल स्टँडवरच्या कुणालाही शंका उरली नाही. बघता बघता कोंडाळं झालं.

“कुटं निगालास रं?” राहीबाईने विचारलं.

“गोव्याला, मावशी. संस्थेच्याच कामाला.”

गर्दीतून एक लांब हुंकार निघाला. “बगा! संस्था गोव्याला चालली!”

“पुडं कॉम्प्युटर, मागनं तिजोरी!” कुणीतरी ओरडलं.

“अहो, संस्था नाही, मी चाललोय! परिषद आहे!”

“मग बॅगंत काय हाय?” राहीबाईने बॅगेचं हँडल धरलं. “उगड.”

भर स्टँडवर बॅग उघडली गेली. आत कपडे होते आणि वर पोहण्याची अर्धी चड्डी होती, जिचा अर्जात कुठेही उल्लेख नव्हता. ती पाहून लोक हसले असते तर एक वेळ चाललं असतं. कुणीच हसलं नाही. लोक खरोखर घाबरले होते, हे कृष्णातच्या तेव्हा प्रथम ध्यानात आलं. गाडी आली, थांबली आणि त्याच्याशिवाय निघून गेली. सकाळी संस्थेचं शटर उघडायच्या आत ये, असा आबांचा निरोप घेऊन शिपाई उभा होता.

सोमवारी सकाळी संस्थेपुढची रांग पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती. आबा कडक इस्त्रीच्या शर्टात पायरीवर उभे राहिले. “मागंल त्याचा पैका द्यायचा. कुनाला अडवायचं न्हाई,” त्यांनी हुकूम सोडला आणि जीप बँकेकडे रोकड आणायला पाठवली. चाल योग्य होती. फक्त पाचव्या माणसाला प्रणालीने पडद्यावर एक गोल फिरवायला सुरुवात केली, आणि तो फिरतच राहिला.

बाहेर कुजबुज सुरू झाली. “पैसं न्हाईत म्हनून मशीन बंद पाडलं.”

कृष्णातने गणनाथच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ ‘आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे’ ऐकल्यावर एका इंजिनिअरने उचलला. मागे लाटांचा आवाज येत होता.

“सर, आम्ही सगळेच गोव्याला आहोत, परिषदेला. आत्ता ‘ग्राहक हाच केंद्रबिंदू’ हे सत्र चालू आहे. संपलं की बघतो.”

“अहो, इथं ग्राहक दार तोडायला आलेत!”

“खूप छान मुद्दा आहे सर. तुम्ही यायला हवं होतं.”

त्याने फोन ठेवला तेव्हा आबा मागे उभे होते. त्यांनी त्याचा दंड धरला आणि त्याला बाहेर नेऊन उसाच्या रिकाम्या ट्रॉलीवर चढवलं. “बोल. तूच केलंस, तूच निस्तर.”

समोर आख्खं गाव होतं. कृष्णातने हात जोडले. त्याला दोन दिवसांत ऐकलेलं एवढंच आठवलं. “बंधू-भगिनींनो, डेटा मायग्रेशन ही एक...”

तो शब्द ऐकताच गर्दी पुढे सरकली. कुणीतरी चप्पल काढली. गर्दीतून चांदसाहेबांचा आवाज आला, “आरं गड्या, मराटीत बोल की!”

आणि मग कृष्णातच्या आत काहीतरी सुटलं. तो ओरडला, “मराठीत ऐकायचंय? ऐका! साताऱ्यात त्या लोकांनी मला टी केलं. टी! माझ्या आईबापानं ठेवलेलं नाव तोडून! जेवण पाहिजे तर चावी धर म्हणाले, धरली. थर्माकोलची होती! सांगलीला माझा फेटा भाऊसोंनी घातला आणि मी बाहेर डासांत जेवलो. तिथं भाऊसोंना विचारलं, मशीन किती वेळ बंद असतं, तर त्यांनी स्वतःच्या झोपेचा वेळ सांगितला!”

“खरं हाय,” भाऊसो रांगेतून म्हणाले. ते स्वतःची ठेव काढायला तिथं उभे होते.

पहिल्यांदा बायकांच्या बाजूला हसू फुटलं. मग ते वाढत गेलं. चप्पल काढणाऱ्याने ती परत पायात घातली. कृष्णातला मात्र हसू येत नव्हतं. त्याचे डोळे भरले होते.

“मग संस्था जातीया का न्हाई त्येवडं सांग,” राहीबाई म्हणाली.

“कुठं जाणार, मावशी? तो यूपीएस जागचा हलवला तर परत चालू होत नाही. जुन्या वहीतलं नव्या वहीत उतरवायचं, त्याला ते लोक मायग्रेशन म्हणतात. आणि तेही आपण करणार नाही.”

“वही उतरवायची?” राहीबाईचा आवाज चढला. “येवड्यासाटी सांगलीत मांडव घातला हुता? मुडदा बशिवला त्येंचा! मी रातभर म्हशीपाशी रडलीया!”

पुढे फारसं काही झालं नाही. आबांनी चहा मागवला. निम्मी रांग चहा पिऊन घरी गेली. उरलेल्यांना हाताने पावत्या लिहून पैसे दिले. त्यातले बरेच जण दुसऱ्या दिवशी ओशाळून परत ठेवायला आले. प्रणाली दुपारी आपली आपण सुरू झाली. सत्र संपलं असावं.

त्या गडबडीत साताऱ्याचा यशराज ‘नव्या ग्राहकाला’ मिठाईचा पुडा द्यायला म्हणून येऊन गेला, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. संध्याकाळी त्या रांगेचा फोटो सगळीकडे फिरला: ‘धनवेगशी नातं जोडताच उदयकाळ पतसंस्थेत ग्राहकांची अभूतपूर्व गर्दी!’

आणि पंधरवड्याने कृष्णातला पत्र आलं. धनवेगची पुढची परिषद महाबळेश्वरला होती. तिथं त्याने ‘एका दिवसात ग्राहकांचा विश्वास’ या विषयावर बोलावं, अशी विनंती होती. येणंजाणं, राहणं, सगळं कंपनीचं.

शहाण्या माणसाने ते पत्र फाडलं असतं. कृष्णातने ते घडी करून खिशात ठेवलं, दोन दिवस पुनःपुन्हा वाचलं आणि तिसऱ्या दिवशी आबांपुढे ठेवलं.

आबांनी पत्र वाचलं. “तुला लाज न्हाई.”

“आबा, वक्ता म्हणून बोलावलंय.”

“मला इचारू नगंस. राहीबाईला इचार. ती व्हय म्हनाली तर जा.”

कृष्णात गेला. राहीबाई धारा काढत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, चरवी खाली ठेवली आणि विचारलं, “कवा येनार परत?”

“दुसऱ्याच दिवशी, मावशी. शपथ.”

“तुज्या शपतंचं काय करू? तू येईस्तवर शिवांजली माज्या घरी ऱ्हाईल. तू आलास की तिला न्हे.”

घरी येऊन कृष्णातने हे संतापाने सांगितलं. शिवांजलीने वह्या बाजूला ठेवल्या आणि विचारलं, “स्वयंपाक राहीबाईच करतील ना?” आणि उत्तराची वाट न बघता कपडे भरायला लागली.

असा कृष्णात महाबळेश्वरला गेला. उदयकाळमध्ये आजवर सोनं, ट्रॅक्टर आणि उसाचं बिल यांच्या तारणावर भरपूर व्यवहार झाले होते. भूगोलाची शिक्षिका तारण ठेवल्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि दुसऱ्या दिवशी तारण सोडवायला गेलेल्या कृष्णातला ‘अजून दोन दिवस राहू द्या’ असं खुद्द तारणानेच सांगितल्याचाही.